दुय्यम स्रोत

९ जानेवारी

ताई,

हे पत्र मी पावसाळ्यापासून लिहितोय. म्हणजे लिहीत नव्हतो, लिहायचं ठरवत होतो. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर तुझा पत्ता कुठे ठेवला ते आठवेना. पत्ता सापडला (बुटात होता, कसा ते विचारू नकोस), तेव्हा वाटलं, नोकरी जरा पक्की होऊ दे, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी असेल. नोकरी पक्की झाली आणि जुनीही झाली. आता एकही सबब उरली नाही म्हणून बसलोय. फोन तू उचलत नाहीस. पत्र वाजत नाही, त्यामुळे कापताही येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

तर सध्या मी विद्यापीठामागच्या गल्लीत, झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगच्या दुकानात आहे. त्याआधी ट्रकवर होतो, त्याआधी एका लॉजच्या काउंटरवर, त्याआधीचं सोड. राहतो दुकानाच्याच पोटमाळ्यावर, कागदाच्या रिमांच्या शेजारी. वरून कठड्यापाशी बसलं की खाली सगळं दुकान दिसतं: दोन कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, दाराशी काउंटर आणि मधोमध कागद कापायचा कटर. तो चालू झाला की पोटमाळा दातासारखा ठणकतो.

काम सांगतो. पोरं आपापले शोधनिबंध आणतात आणि मी त्यांना माणसात आणतो. डावा समास मोठा ठेवायचा, कारण बाइंडिंग तेवढा कागद खातं. ओळींत अंतर दुप्पट. आणि शेवटी संदर्भसूची, म्हणजे हे सगळं आम्ही कुठून घेतलं त्याची यादी. आडनाव आधी, मग नाव, वर्ष कंसात, पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरांत. पहिली ओळ बाहेर, बाकीच्या आत ढकलायच्या, म्हणजे सगळी आडनावं खिडकीतून डोकं काढून उभी राहिल्यासारखी दिसतात. एकाच पुस्तकाचा दाखला लागोपाठ आला की तळटिपेत नुसतं ‘तत्रैव’ लिहायचं. म्हणजे ‘तिथेच’. मला फार आवडला हा शब्द. आपण काही कुठे तत्रैव राहिलो नाही, म्हणून असेल.

माझी शाळा किती झाली ते तुला माहीत आहे. पण पोरं मला ‘सर’ म्हणतात, आणि मी म्हणू देतो.

आता मुद्दा. (होता एक.) इथे एक मुलगी येते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रत्येक वाक्याला तळटीप हवी असते तिला, म्हणून मालकाने तिचं नावच तळटीप ठेवलंय. तिलाही ते ठाऊक आहे. तिचा शोधनिबंध आहे बंदरांवरच्या क्रेनच्या हातखुणांवर. वॉकीटॉकी यायच्या आधी खालचा सिग्नलवाला वरच्या क्रेनवाल्याला हातानेच सगळं सांगायचा: उचल, सोड, डावीकडे, थांब. चार बंदरांचा अभ्यास आहे, आणि त्यातलं तिसरं आपलं. तक्त्यात आपल्या यार्डाचं नाव आलं तशी माझी बोटं जागीच थांबली.

“एक खूण राहिलीय इथे,” मी म्हटलं.

“कुठली?”

मी करून दाखवली. मूठ छातीवर दोनदा, मग उघडा तळवा फाटकाकडे. “तुझ्या घरचं माणूस आलंय.”

“पुस्तिकेत नाहीये ही.”

“पुस्तिका साहेबाने लिहिली असणार. त्याच्या घरचं माणूस थेट केबिनमध्ये येत असेल.”

हसली नाही. हसतच नाही लवकर. “तुला कोणी सांगितलं?”

“ताईनं.”

“ताई यार्डात होती?”

“छे! ताईला बाबांनी शिकवली. बाबा क्रेन चालवायचे.”

“मग मूळ स्रोत बाबा. मग ताई. तू तिसऱ्या हातचा.”

“एवढंही नको,” मी म्हटलं. “दुय्यम तरी म्हण.”

“बरं, दुय्यम,” ती म्हणाली, भाजीवालीने वर थोडी कोथिंबीर जास्तीची टाकावी तशी. “बाबांनाच विचार ना मग.”

मी म्हटलं, बाबांना मशीनच्या आवाजाने ऐकू कमी येतं, फोनवर जमत नाही. हे खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

म्हणून तुला विचारतोय. ती खूण आठवते ना तुला? बाबा नाक्यावर दिसले की तू खिडकीतून करायचीस आणि मी पुस्तकं उघडून बसायचो. ती यार्डातलीच होती, की आपल्या घरातच वाढली? एक ओळ लिहिलीस तरी चालेल. तळटीप ती ओळ निबंधात घालेल, तुझ्या नावासकट.

फाटकाजवळचा तो दिवस मी विचारत नाहीये. फक्त खूण.

तुझा,
दुय्यम


२७ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पोस्टमन रोज येतो, मालकाची बिलं देतो आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवतो. परवा तर मी विचारायच्या आधीच हलवली. त्याचीही मान दुखत असेल आता.

इथे सगळं ठीक. एका पोराने जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला निबंध आणला, आमच्या मशीनवर उघडला तर सगळा मजकूर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. तो रडायच्या बेतात. मी म्हटलं, अरे, अक्षरं आहेत तशीच आहेत, फक्त इथे त्यांना कोणी ओळखत नाही. मग दिवसभर बसून बदलून दिला. असं काम असलं की बरं असतं. कामाशिवायच्या वेळेचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी दुकान बंद झालं की मी बस स्टँडवर जाऊन बसतो. कुठे जायचं नसतं. पाट्या वाचतो. एक कंडक्टर ओळखीचा झालाय. तो दरवेळी विचारतो, “आज कुठे?” मी म्हणतो, “आज राहू दे.”

हां, एक गंमत. कटर चालू असला की दुकानात तोंडाने बोलता येत नाही, म्हणून मी सगळ्यांना यार्डाच्या खुणा शिकवल्या. आता झेरॉक्सवाला ‘उचल’ केलं की गठ्ठा उचलतो. मालकाची बायको दुपारी डबा घेऊन आली की तो मालकाला मूठ-मूठ-तळवा करतो, आणि मालक नव्या नवऱ्यासारखा केस नीट करत दाराकडे जातो. सासूबाई आल्या तेव्हा मालकाने दोन्ही हात आडवे पसरले. ती ‘सगळं बंद करा’ची खूण आहे. सासूबाईंना वाटलं, जावई मिठी मारायला येतोय.

तळटिपेचा निबंध तिच्या मार्गदर्शक सरांकडून परत आला. आपल्या खुणेपाशी लाल पेनाने लिहिलंय: “एकाच व्यक्तीचं सांगणं, तेही ऐकीव. दुसरा आधार मिळाल्यास ठेवावं, अन्यथा काढावं.” मला राग आला. मी म्हटलं, आमच्या घरात वाढलेली खूण, यांना आधार कसला हवा?

“रागावतोस काय?” तळटीप म्हणाली. “बरोबर आहे सरांचं. तू प्रेमाने सांगतोयस म्हणून ते खरं होतं का?”

मी उठून कटर चालू केला. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि रिमवर डोकं ठेवून पडलो असताना भलतीकडेच गेलं. त्या दिवसाचं मला जे माहीत आहे ते सगळं तुझ्याकडून. मी लहान होतो, तू मला शेजारच्या काकूंकडे सोडलं होतंस. आईचा श्वास कोंडला. तू बाबांना बोलवायला यार्डाच्या फाटकाकडे पळालीस. सिग्नलवाला नवा होता. तो आत गेला, तुझ्याकडे पाठ करून त्याने वर बघत हात केले, आणि बाबांची क्रेन थांबली. तो परत येऊन म्हणाला, “सांगितलंय, येतील.” तू वाट बघत राहिलीस. बाबा वर काचेत बसलेले तुला दिसत होते, आणि ते उतरले नाहीत. शेवटी तू एकटीच परत गेलीस आणि एकटीनेच आईला दवाखान्यात नेलंस. बाबा पोचले तेव्हा उरलं नव्हतं काही. “तुम्हाला खूण मिळाली होती ना?” तू विचारलंस. “मी वर होतो,” एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून तुमच्यात शब्द नाही. तू गेलीस. पुढे मीही गेलो. घरात राहिले बाबा आणि त्यांचा रेडिओ, जो त्यांना ऐकू येत नाही.

हे मी खोडून काढत नाहीये, ताई. तू डोळ्यांनी बघितलंस. फक्त एवढंच मनात आलं, की यातही आधार एकच आहे.

तळटिपेला या गावातल्या निवृत्त सिग्नलवाल्यांची नावं मिळालीत. त्यातला एकजण मध्ये काही वर्षं आपल्या यार्डात होता म्हणे. रविवारी जायचंय त्याच्याकडे. मलाही चल म्हणाली. मी टॅक्सी करू या म्हटलं, तर म्हणाली, चालत जाऊ. मला तू आठवलीस. टॅक्सीवाल्याने लांबून फिरवून आणलं म्हणून भर रस्त्यात त्याची शाळा घेणारी तू, आणि लाजेने तोंड लपवून दुसऱ्याच कोणाचातरी भाऊ असल्यासारखा उभा मी.


९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी आधी मनात लिहिलं, मग झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदांवर, आणि आता इथे. बसून वाच.

तो म्हातारा पहिल्या मजल्यावर सुनेकडे राहतो. टीव्ही आवाज बंद करून बघत होता. सून म्हणाली, “आजोबांना आवाज नकोच असतो, आयुष्यभर ऐकला म्हणतात.” आम्हाला खुर्च्या दिल्या. बोलताना त्याचे हात मांडीवर नुसते राहतच नाहीत. चहा आणायला सुनेला सांगितलं तेही हातानेच. मी कोण ते सांगायचं नाही, असं तळटिपेने येतानाच बजावलं होतं. माहितीदाराला उत्तर सुचवायचं नसतं म्हणे. मी नुसता वही धरणारा.

तिने फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि सगळ्या खुणा एकेक करून विचारल्या. मग म्हणाली, “कोणाच्या घरून कोणी आलं, तर कसं सांगायचात?”

“इथल्या यार्डात भोंगा होता. दोन छोटे,” तो म्हणाला. “तिकडे मात्र खूण होती.” आणि त्याने केली. मूठ, मूठ, तळवा.

तळटिपेने माझ्याकडे बघितलं. दुसरा आधार मिळाला होता. निबंधाचं काम झालं होतं, आम्ही चहा पिऊन उठू शकलो असतो. पण तिने तिचा तो ठरलेला प्रश्न विचारला: “तुम्हाला कोणी शिकवली?”

म्हाताऱ्याचे हात थांबले.

“एका क्रेनवाल्याने,” तो म्हणाला. “उशिरा शिकवली. चूक त्याची नव्हे. मी बदली होऊन गेलो त्याच आठवड्यातली गोष्ट. फाटकावर एक पोरगी आली पळत. आई सिरियस आहे, वर बाबा आहेत, बोलवा म्हणाली. मला पुस्तिकेतल्या खुणा येत होत्या. पुस्तिकेत ‘खाली’ असते ती हुकासाठी, माणसासाठी नाही. ती दिली असती तर त्याने बोजा खाली सोडला असता, आणि खाली माणसं काम करत होती. मग मी ‘थांब’ दिलं. आमच्याकडे थांब देऊन सिग्नलवाला बाजूला झाला, की क्रेनवाला समजायचा, काहीतरी झालंय. उतरून यायचा.”

“आणि तिकडे?”

“तिकडे थांब म्हणजे थांब. हुकाला बोजा असताना पुढची खूण मिळेपर्यंत केबिन सोडायची नाही. सोडली आणि बोजा घसरला तर खालचे गेले.”

“मग पुढची खूण कोणी दिली?”

“कोण देणार? मी पोरीला सांगायला फाटकावर गेलो. म्हटलं, सांगितलंय, येतील. खरंच वाटलं होतं मला. परत फिरलो तर मुकादमाने मला दुसऱ्या धक्क्यावर पिटाळलं. तिकडून आलो, तर हा अजून वरच. हात दांड्यावर. माझी वाट बघत.”

ताई, मी हे त्याच्या शब्दांत लिहितोय. माझा एकही शब्द घातलेला नाही.

“खाली आल्यावर त्याने विचारलं, ‘थांब का दिलंस?’ म्हटलं, तुझी मुलगी आली होती. तो शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला. मग उठून जो पळाला! मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मागून साहेबाने चौकशी केली, काम का अडलं होतं? तर म्हणाला, माझा पाय आखडला होता. नवीन माणूस होतो मी, माझी नोकरी गेली असती. माझं नाव घेतलं नाही त्याने. कामावर परत आला त्या दिवशी मला बाजूला घेऊन ही खूण शिकवली. म्हणाला, ही विसरू नकोस. बस. पुन्हा कधी विषय नाही.”

तळटिपेने रेकॉर्डिंग बंद केलं. टीव्हीत कोणीतरी तोंड हलवून गाणं म्हणत होतं. मग मी सांगितलं, मी त्या क्रेनवाल्याचा मुलगा.

त्याने टीव्ही बंद केला. “तू तेव्हा नव्हतास फाटकावर.”

“नाही. ती ताई.”

“कुठे असते?”

“दूर.”

“बापाशी बोलते?”

मी मान हलवली, आमच्या पोस्टमनसारखी.

“तिला कळव,” तो म्हणाला. “आणि असं वाऱ्यावर नको, कोणीतरी म्हणत होतं असं. मी सांगितलं म्हणून कळव. माझं नाव घालून.”

म्हणून सोबत वेगळी चिठ्ठी घातलीय. त्याचं आडनाव, नाव, तारीख, पूर्ण पत्ता. ‘व्यक्तिगत संवाद’ असंही लिहिलंय, कारण तशी पद्धत आहे. तुला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. मी दुय्यम. तू स्वतः जाऊन विचार.

बाबांना मी काही कळवलेलं नाही. ‘मी वर होतो’ यापलीकडे ते का बोलले नाहीत, हे मला कळत नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, थांब मिळालं काय नि खूण मिळाली काय, आपण पोचलो नाही ते नाहीच. पण हा माझा अंदाज आहे, याला आधार नाही. तो त्यांच्याकडेच मिळेल, आणि विचारायचं झालं तर ते तू विचारायचं आहे.


४ मार्च

ताई,

निबंध जमा झाला. आपली खूण त्यात आहे, सविस्तर, आकृतीसकट. आकृतीतला हात माझा आहे. तळटिपेने फोटो काढला आणि मी त्यावरून रेघा ओढल्या. म्हाताऱ्याचं नाव मजकुरात, कंसात आहे. शेवटच्या संदर्भसूचीत नाही. मी सरांच्या नियमावलीत पुन्हा पुन्हा बघितलं: प्रत्यक्ष बोलण्यातून कळलेलं सूचीत घालायचं नाही, कारण वाचणाऱ्याला ते शोधून स्वतः बघता येत नाही. पुस्तकं उभी राहतात डोकं बाहेर काढून, बोललेली माणसं तेवढी कंसात. माझं नाव तर काढूनच टाकलं. ऐकीव होतं, आणि प्रत्यक्ष करणारा माणूस मिळाल्यावर त्याची गरज उरली नाही. तळटीप म्हणाली, “राग नाही ना?” मी म्हटलं, छे, नियम आहे. मीच ती ओळ पुसली आणि खालच्या ओळी वर सरकल्या. जागा लगेच भरून निघते, एवढंसुद्धा कळत नाही.

तळटीप गेली तिच्या गावी. जाताना हसली. आभाराच्या पानावर ‘दुकानातील सर’ असं लिहून गेलीय.

जमा करायची मुदत संपली तशी गल्ली ओस पडली. झेरॉक्सवाला काउंटरवर डोकं ठेवून झोपतो. तिसऱ्या पत्रालाही तुझं उत्तर नाही. पोस्टमनने मान हलवणं सोडलंय, आता नुसता हात करून पुढे जातो. मी स्वतःला म्हणतो, पत्ता बुटात होता, पुसट झाला असेल, पत्रं कुठल्यातरी परक्या माणसाच्या दाराशी पडत असतील. मग म्हणतो, नाही, पोचलीत. दोन्हींतलं कुठलं बरं ते ठरत नाही.

दुपारी मालक जेवतो तेव्हा मी पोटमाळ्यावरून बघत नाही. उगाच. त्याला रोज खूण मिळते, सासूबाईंची का होईना. मला अजून कोणी केलेली नाही. साहजिक आहे, इथे आपलं कोण? पण शिकवली मी आणि माझ्या वाट्याला कधी आली नाही, याची एकदा मोजदाद झाली की मग बॅग भरावीशी वाटते. भरलीय अर्धी. काल कंडक्टरने विचारलं, “आज कुठे?” तर “उद्या सांगतो” म्हणालो. तो जरा चमकलाच.

म्हणून आता दुपारी हे लिहायला बसलोय. खाली कटर चालू आहे, अक्षर हलतंय ते त्यामुळे. नवा पत्ता मिळाला की कळवेन, म्हणजे तुला जिथे उत्तर पाठवायचं नाही ते ठिकाण तरी बरोबर असे…

थांब जरा. खाली मालक काहीतरी करतोय. कटरपाशी उभा राहून वर माझ्याकडे बघतोय. मूठ, मूठ, तळवा दाराकडे. मी म्हटलं, वहिनी आल्या असतील, तुमचं तुम्ही बघा. तसं हातानेच सांगितलं. तो नाही म्हणतोय. माझ्याकडे बोट दाखवलं. पुन्हा मूठ, मूठ, तळवा.

कठड्यावरून वाकून बघितलं. दारात बाबा उभे आहेत. खांद्याला बॅग, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात एक चिठ्ठी. लांबूनसुद्धा माझं अक्षर मला कळतं. म्हाताऱ्याचं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी. ती मी एकच लिहिली होती आणि तुलाच पाठवली होती.

मालकाने कटर बंद केला. आता रस्त्यावरचं ऐकू येतंय. कोणीतरी बाई टॅक्सीवाल्याला विचारतेय, पूल समोर दिसत असताना आख्ख्या गावाला वळसा घालून आणायची गरज काय होती, आणि तो बिचारा म्हणतोय, “अहो ताई, ऐकून तरी घ्या.”

बाबा वर बघतायत. उतरतो.